चोरीचा टर्बो, फुकटचा जीसीसी

आमच्या सातारा-सांगली भागात एखादी वस्तू फुकट मिळाली की माणूस आधी ती उलटी करून बघतो. खाली कुठे चीर गेलीय का, तारीख उलटलीय का, मागे कुणाचं नाव खरवडलंय का. काहीच सापडलं नाही की संशय आणखी बळावतो. "फुकट देतोय म्हणजे काहीतरी गोम असणार," हे वाक्य साताऱ्यात पोवई नाक्यावर आणि सांगलीत मारुती चौकात सारख्याच ठामपणे ऐकू येतं. हाच माणूस हजाराची वस्तू ओळखीतून शंभराला मिळाली तर ती उलटी करत नाही. ती घेऊन आठवडाभर गावात सांगत हिंडतो. आणि एक पैसाही न देता कुठूनतरी 'जमवली' असेल तर विचारूच नका. मूळ किंमत छापलेली असते, ती आपण दिलेली नसते, आणि या दोन आकड्यांतला जो फरक, तेवढा वस्तूचा दर्जा वाढतो.

कॉम्प्युटरच्या दुनियेत या स्वभावाची परीक्षा कंपायलरनं घेतली. कंपायलर म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आपण 'सी'सारख्या भाषेत जे लिहितो ते मशीनला चालवता येईल असं करून देणारा प्रोग्राम. जमलं नाही तर घोळ कितव्या ओळीत आहे ते तो सांगतो. बहुतेक वेळा घोळ त्याच्या आदल्या ओळीत असतो. तर आमच्या भागात याचे दोन अवतार आले. पहिला विकायला ठेवलेला होता. तो रीतसर विकत घेतलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही, तरी दोन पिढ्या त्याच्यावर शिकल्या. दुसरा कायद्यानं, राजरोस फुकट होता, शिवाय दर्जानं उजवा. त्याला आम्ही कित्येक वर्षं दारातच उभं ठेवलं.

पहिल्याचं नाव टर्बो. कंपनी बोरलँड, कॅलिफोर्नियातली. मालक फिलिप कान, हा गडी फ्रान्सहून अमेरिकेत आलेला. आणि कंपायलर लिहिणारा अँडर्स हेल्सबर्ग, डेन्मार्कचा. 1983 साली त्यांनी टर्बो पास्कल बाजारात आणलं, 49.95 डॉलरला. इतर कंपन्या तसल्या कंपायलरचे काहीशे डॉलर घेत होत्या. त्यात लिहायची सोय, कंपायलर, सगळं एकाच फाइलमध्ये, 3.02 आवृत्तीत ती फाइल 39,731 बाइटची होती. आज सकाळी व्हॉट्सअॅपवर मावशीकडून 'शुभ सकाळ'चं जे गुलाबाचं फूल येतं ते याच्यापेक्षा जड असतं. कान स्वतः एक किस्सा सांगायचा. जाहिरातीला पैसे नव्हते. 'बाइट' मासिकाचा माणूस येणार म्हटल्यावर त्यानं ऑफिसात माणसं आणून बसवली, धंदा जोरात चाललाय असा देखावा केला, आणि पानभर जाहिरात उधारीवर मिळवली. हे वाचल्यापासून बोरलँड ही मूळची सांगलीचीच कंपनी असावी असं मला वाटत आलंय.

या बोरलँडचं लायसन्सही साधं होतं. त्यांचं म्हणणं असं: हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर न्या, मित्राला द्या, फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी वापरू नका. एक पुस्तक दोन माणसं दोन गावांत एकाच वेळी वाचू शकत नाहीत, तसं. आता आमच्याकडे पुस्तकाची झेरॉक्स काढतात हे त्या वकिलांना कोण सांगणार? नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' तेव्हा होस्टेलच्या खोल्याखोल्यांत असायचं, आणि त्यातल्या बऱ्याच प्रतींना मुखपृष्ठ नसायचं, स्पायरल बाइंडिंग असायचं. त्यामुळे 'पुस्तकासारखं वापरा' ही अट आमच्या पोरांनी अगदी काटेकोर पाळली.

पास्कलनंतर 1987 मध्ये टर्बो सी आलं, मग टर्बो सी प्लस प्लस. त्याची 3.0 आवृत्ती आमच्याकडे जी येऊन बसली ती बसलीच. हेल्प मेनूतून 'अबाउट'ची चौकट उघडली की त्यात 1990 आणि 1992 ही सालं दिसायची. ज्या पोरांनी ती चौकट उघडून बघितली त्यांतली कितीतरी या सालांनंतर जन्मलेली होती. आपल्यापेक्षा वयानं मोठ्या कंपायलरला अहो-जाहो करावं की काय, असा प्रश्न पडण्यासारखी परिस्थिती.

हे टर्बो कॉलेजात आलं कसं, कुणी आणलं, हे कुणालाच ठाऊक नसायचं. ते होतं. ग्रामदैवतासारखं स्वयंभू. कुणी ते इन्स्टॉल करताना पाहिलेलं नव्हतं; 'टीसी' नावाचं फोल्डर या मशीनवरून त्या मशीनवर फ्लॉपीनं, पुढे सीडीनं, पुढे पेन ड्राइव्हनं कॉपी व्हायचं. मूळ वस्ती सी ड्राइव्हवर. एखाद्यानं ते डी ड्राइव्हवर टाकलं की निळ्या पडद्यावर तक्रार यायची: 'अनेबल टू ओपन इन्क्लूड फाइल'. कारण त्याला अजून जुन्याच पत्त्यावर फाइली शोधायच्या असत. सर लोक अशा वेळी वहीत काहीतरी बघायला लागत. मग कुणीतरी लॅबच्या मामांना हाक मारायचं.

हे मामा प्रत्येक कॉलेजात असतात. हुद्दा लॅब अटेंडंट, पगार त्याहून बेताचा, आयुष्यात एक प्रोग्राम लिहिलेला नाही. पण 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'डिरेक्टरीज'मधला पत्ता बदलायचा असतो हे त्यांना माहीत. "सी काढ, डी घाल. इन्क्लूडला बी, लिबला बी. हां, मार आता कंट्रोल एफ नाइन." एवढं बोलून मामा पंख्याखाली जाऊन बसत. एकदा एका पोरानं विचारलं, "मामा, हे टर्बो ओरिजिनल आहे का?" मामा दुखावले. म्हणाले, "मग? सातारच्या कॉलेजातनं आणलंय."

टर्बोच्या प्रोग्रामचं एक सोवळं होतं. वर 'कोनिओ डॉट एच' ही फाइल जोडायची. मग 'वॉइड मेन'. जगभरच्या प्रमाण पुस्तकांत ते 'इंट मेन' आहे, पण जगाशी आपल्याला काय करायचंय. आत शिरल्यावर आधी व्हेरिएबल मांडायचे, मग 'क्लिअर स्क्रीन', कारण मागच्या पोराचं आउटपुट पडद्यावर तसंच पडलेलं असायचं. क्रम चुकला, 'क्लिअर स्क्रीन' आधी आणि व्हेरिएबल मागून झाले, की 'डिक्लरेशन इज नॉट अलाउड हिअर'. असं का, हे विचारणाऱ्याला उत्तर ठरलेलं: "तसंच असतं." शेवटी 'गेटच'. हे कशाला? तर प्रोग्राम संपला की पडदा लगेच पुन्हा निळा होतो, आउटपुट दिसत नाही, म्हणून कॉम्प्युटरला एक बटण दाबेपर्यंत थोपवून धरायचं. खरं तर ऑल्ट आणि एफ5 दाबलं की मागचं आउटपुट दिसायचं, ती सोय बोरलँडनं दिलेलीच होती. पण फुकट आणलेल्या वस्तूबरोबर माहितीपुस्तिका येत नाही. दोन पिढ्यांनी लाखो वेळा 'गेटच' लिहिलं ते एका न आलेल्या पुस्तिकेपायी.

आता दर्जाकडे वळू. टर्बो त्याच्या काळात उत्तम होतं, यात वाद नाही. पटकन चालायचं, चूक लगेच दाखवायचं, 'स्टेटमेंट मिसिंग' आणि पुढे सेमीकोलन, एवढ्या मोजक्या शब्दांत. पण ते होतं सोळा बिटांच्या जमान्यातलं. त्यात साधा पूर्णांक दोन बाइटांत बसवायचा, म्हणजे 32,767 पर्यंतच मोजता यायचं. त्याच्या वर गेलं की आकडा गुपचूप उणेमध्ये जातो, चूक म्हणून काही सांगत नाही. सांगलीच्या एका कॉलेजात एका पोरानं, बापाची मार्केट यार्डात हळदीची उठबस म्हणून, हळदीच्या पोत्यांचा हिशेब करणारा प्रोग्राम केला. पोती 700, प्रत्येकी 50 किलो. उत्तर आलं उणे 30,536 किलो. पोरगं घाबरलं; घरची हळद उणे झाली म्हणजे काय. सरांनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं, हातानं गुणाकार केला, तो बरोबर आला, मग शांतपणे म्हणाले, "पोती कमी घे." पोरानं 600 घेतली. उत्तर 30,000. दोघंही समाधानी. त्या वर्षी हळदीचं पीक कमी का दिसलं याचं कारण मी इथे पहिल्यांदाच जाहीर करतोय.

यातून एक गमतीशीर फाळणी झाली. परीक्षेत प्रश्न यायचा, पूर्णांकाला किती बाइट लागतात? बरोबर उत्तर: दोन. पोरगं दोन लिहून फर्स्ट क्लास मिळवायचं, इस्त्रीचा शर्ट घालून पहाटेच्या एसटीनं पुण्याला, हिंजवडीत मुलाखतीला जायचं. तिथला माणूस तोच प्रश्न विचारायचा. पोरगं म्हणायचं, दोन. तो म्हणायचा, चार. कारण त्याच्या मशीनवर नव्या जमान्याचा कंपायलर, त्यात ते चारच. म्हणजे खंबाटकी घाटाच्या अलीकडे पूर्णांक दोन बाइटचा आणि पलीकडे चार बाइटचा. हुशार पोरं दोन्ही उत्तरं पाठ करून जात आणि समोरच्याचा चेहरा बघून त्यातलं एक देत.

परीक्षेत आणखी एक लाडका प्रश्न असायचा: 'आय प्लस प्लस, अधिक प्लस प्लस आय, उत्तर काय?' सी भाषेच्या नियमांत याला उत्तरच नाही. कंपायलरनं काहीही करावं अशी नियमानंच मुभा दिलीय. तरी पेपरात त्याला दोन मार्क असत, आणि बरोबर उत्तर म्हणजे लॅबमधलं टर्बो जे म्हणेल ते. भाषा डेनिस रिचींनी तयार केली, प्रमाण समितीनं ठरवली, पण अपिलाचं शेवटचं कोर्ट आमच्या लॅबमधला तिसऱ्या रांगेतला, कीबोर्डचं 'ई' अडकणारा कॉम्प्युटर.

आता दुसऱ्या अवतारापाशी येतो. ज्या 1987 साली टर्बो सी आलं, त्याच सालच्या मार्चमध्ये रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी माणसानं जीसीसी नावाचा कंपायलर जगापुढे ठेवला. अट एवढीच की घ्या, वाटा, आत काय आहे ते बघा, हवं तर बदला, फक्त पुढे देताना दुसऱ्यालाही हीच मोकळीक ठेवा. पुढे हाच कंपायलर लिनक्सबरोबर घरोघर गेला. आपल्याकडे 'पीसीक्वेस्ट' मासिकाच्या अंकासोबत नव्वदच्या दशकात लिनक्सची सीडी यायची. म्हणजे मासिकाच्या पैशात अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम, कंपायलरसकट. बऱ्याच घरी ती सीडी पपईच्या झाडाला पाखरं उडवायला टांगली गेली. ज्या वस्तूची कॉपी काढायला लेखी परवानगी होती, नेमकी तिचीच कॉपी कुणी काढली नाही.

कारणं विचाराल तर ऐकण्यासारखी होती. एक, निळा पडदा नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं म्हणजे काहीतरी बिघडलंय. दोन, 'कोनिओ डॉट एच' म्हटलं की तो म्हणायचा, अशी फाइल नाही. ज्या कंपायलरकडे कोनिओ नाही तो कसला कंपायलर? तीन, तो वॉर्निंग द्यायचा. प्रोग्राम चालतोय, उत्तर येतंय, तरी 'मेनचा रिटर्न टाइप इंट हवा' म्हणून मागे लागायचा. आमच्या भागात काम झाल्यावर चूक काढणारा माणूस कुणालाच आवडत नाही, मग तो मशीनमध्ये असला तरी. आणि चौथं, सगळ्यात वजनदार: "फुकट का देतात? अमेरिकेतला माणूस एवढं काम करून फुकट वाटतोय, त्याचा फायदा काय?" याला कुणाकडेच पटेल असं उत्तर नव्हतं. स्टॉलमनचं म्हणणं तत्त्वाचं होतं, आणि तत्त्वासाठी एखादा माणूस इतका राबतो हे पटायला समोर निदान एखादी संस्था, तिचा चेअरमन आणि उद्घाटनाचा फलक लागतो.

अवजाराबद्दलचा हा संशय आमच्या मातीला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी म्हणाले होते, लोखंडानं जमीन विषारी होईल. नांगर चांगला होता, जमीन खोल धरायचा, तरी सुरुवातीला कुणी हात लावेना. पुढे औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली, 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळ कारखाना उभा राहिला, आणि स्टेशनाचंच नाव किर्लोस्करवाडी झालं. औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. म्हणजे दोन जिल्ह्यांनी मिळून अवजार बनवण्याचा आमचा इतिहास शंभर वर्षांहून जुना. फरक एवढाच की किर्लोस्करांचा नांगर विकतचा होता. त्यांनी तो फुकट वाटला असता तर आजही आमच्याकडे लाकडीच चालला असता, अशी माझी खात्री आहे.

सगळेच काही तसे नव्हते, हेही सांगायला हवं. सांगलीचं वालचंद कॉलेज 1947 सालचं. तिथल्या पोरांनी वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप म्हणून मंडळ चालवलंय, ज्युनियरांना बसवून लिनक्स आणि जीसीसी शिकवायचं, तेही पोरांनीच पोरांना. गणपती मंडळाची शिस्त आणि वर्गणीचा अनुभव कुठे कामी येईल सांगता येत नाही.

टर्बोवर खरं संकट आलं ते 64 बिटांच्या विंडोजनं. तिच्यावर सोळा बिटांचा प्रोग्राम चालतच नाही. आता लॅबमध्ये नवी मशीनं आली, झगझगीत, आणि टर्बो उघडेना. असं वाटलं असेल की झालं, आता तरी बदल होणार. छे. पोरांनी डॉसबॉक्स शोधून काढलं. डॉसबॉक्स म्हणजे नव्या कॉम्प्युटरला जुना असल्याचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम, मुळात जुने व्हिडिओ गेम खेळायला बनवलेला. म्हणजे बघा, चाळीस हजारांचं मशीन, त्यात डॉसबॉक्स, तो म्हणणार मी जुना खटारा पीसी आहे, त्या खटाऱ्यात टर्बो, आणि टर्बोत पोरगं दोन संख्यांची बेरीज करणार. शेवटी 'गेटच'. त्याआधीच खुद्द बोरलँडनं टर्बो सी 2.01 आणि टर्बो सी प्लस प्लस 1.01 या आवृत्त्या आपल्या साइटवर 'म्युझियम' म्हणून फुकट ठेवलेल्या होत्या. बनवणाऱ्यानं जी वस्तू कपाटात काच लावून ठेवली ती आम्ही सिलॅबसमध्ये ठेवली. आणि त्या फुकटच्या आवृत्त्या तरी घ्याव्यात? नाही. आम्हाला 3.0च पाहिजे. फुकटात गोम असते.

इथे थोडं कॉलेजच्या बाहेर पडतो, कारण ही गंमत पतसंस्थांमध्ये जास्त रंगली. सातारा-सांगलीत गल्लीला एक पतसंस्था असण्याच्या काळात प्रत्येकीला पिग्मीचा हिशेब, व्याज, 31 मार्च अशी दुखणी होती, आणि त्यावर औषध म्हणजे क्लिपर किंवा फॉक्सप्रोमध्ये लिहिलेलं सॉफ्टवेअर. ते लिहिणारा माणूस विश्रामबागेत एका खोलीत राहायचा आणि मोटारसायकलवर फिरायचा. त्याचं आणि चेअरमनांचं बोलणं मी एकदा जवळ बसून ऐकलंय.

"सायेब, ह्ये शीडी म्हंजे धा रुपयाची वस्तू. तुमी चाळीस हजार कशाचं मागताय?"

"चेअरमन साहेब, सीडीचे नाहीत. आत सहा महिन्यांचं काम आहे."

"आवो पण दिसतंय कुठं?"

हा प्रश्न बिनतोड होता. तेव्हा त्या माणसानं बॅगेतून हार्डवेअर लॉक काढलं. प्रिंटरची वायर जिथे लागते तिथे बसणारी काडेपेटीएवढी डबी; ती असेल तरच सॉफ्टवेअर चालतं. चेअरमननी ती हातात घेतली, वजन केलं, उलटी करून बघितली, आणि चेक फाडला. दिसणारी वस्तू मिळाली. त्या दिवसापासून डबी रोज संध्याकाळी तिजोरीत, सोन्याच्या तारणाशेजारी. सकाळी कॅशियर ती काढून लावणार, मग संस्था सुरू. यात कुणाच्याच लक्षात न आलेली गोष्ट अशी की स्वतःचं सॉफ्टवेअर चोरीला जाऊ नये म्हणून डबी विकणाऱ्या त्या माणसाचं फॉक्सप्रो मात्र सांगली स्टेशन चौकातून कॉपी करून आणलेलं होतं. त्याला ते बोचत नव्हतं. "ते मायक्रोसॉफ्टचं आहे," तो म्हणाला, जणू मायक्रोसॉफ्ट ही निसर्गसंपत्ती आहे.

मायक्रोसॉफ्टनं फॉक्स 1992 मध्ये विकत घेतलं, 2004 मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रो 9 ही शेवटची आवृत्ती काढली आणि 2015 च्या जानेवारीत हात वर केले. आमच्याकडे ही बातमी अजून काही शाखांपर्यंत पोचलेली नाही. तिथे महिनाअखेरीला आकडे जुळेनात की क्लार्क आतूनच ओरडतो, "रीइंडेक्स मारा!" आणि खरंच जुळतात. एवढ्या वर्षांत एकाही चकचकीत सॉफ्टवेअरनं इतकं ऐकलेलं मी पाहिलं नाही. फुकट असो, चोरीचं असो, फॉक्सप्रोला नावं ठेवायची नाहीत.

आता मात्र उलटं झालंय. टर्बो पास्कल लिहिणारा हेल्सबर्ग 1996 मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेला, तिथे त्यानं सी शार्प आणलं, 2012 मध्ये टाइपस्क्रिप्ट, आणि टाइपस्क्रिप्ट सगळ्यांना उघडं आणि फुकट. ज्याचा माल आम्ही पैसे न देता वापरला तोच आता पैसे घेईना. व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती 2014 पासून फुकट, व्हीएस कोड फुकट, अँड्रॉइड स्टुडिओ फुकट. चोरायला काही शिल्लकच ठेवलं नाही. चुका सांगण्याची पद्धतही सुधारली. रस्टचा कंपायलर तर चुकलेल्या अक्षराखाली खूण करून 'तुम्हाला असं म्हणायचं होतं का?' अशा थाटात दुरुस्तीही सुचवतो. इतक्या अदबीनं आमच्याशी जावईबापूच बोलतात, तेही पहिल्या वर्षी.

मग खर्च गेला कुठे? तो सांगलीच्या एका लॅपटॉपच्या दुकानात दिसतो. तासगावकडचे बागायतदार, पोरगं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बेदाण्याचे पैसे नुकतेच हातात आलेले.

"काय काय घालायचंय त्यात?" बापानं विचारलं.

"अँड्रॉइड स्टुडिओ, व्हीएस कोड. सगळं फुकट असतंय पप्पा."

"मग सोळा जीबी कशाला? फुकटच्याला आठ बास की."

दुकानदारानं कॅल्क्युलेटरवरून मान वर केली. "काका, फुकटचंच जास्त खातंय."

बापाला हे लगेच पटलं. लग्नकार्याचा अनुभव. पण पोरगं पुढे बोलून गेलं की आयफोनचं अॅप करायचं असेल तर त्याचं एक्सकोडही फुकट आहे, फक्त ते अॅपलच्याच मशीनवर चालतं, आणि अॅप दुकानात ठेवायला अॅपल वर्षाला 99 डॉलर घेतं. गूगल एकदाच 25. बापानं मॅकची किंमत विचारली. ऐकली. त्यानंतर आयफोन हा विषय त्या घरात पुन्हा निघाला नसावा.

पैसे पुन्हा मागायला सुरुवात केली ती एआयच्या मदतनिसांनी. गिटहब कोपायलट 2022 च्या जूनमध्ये महिना 10 डॉलरला विकायला आलं, विद्यार्थ्यांना फुकट. हे 'विद्यार्थ्यांना फुकट' वाचल्यावर आमच्या भागातल्या पोरांचं शिक्षणावरचं प्रेम एकदम वाढलं. पास होऊन तीन वर्षं झालेले, हिंजवडीत नोकरी करणारे, लग्नाची बोलणी चाललेले गृहस्थ अजून कॉलेजच्या मेल आयडीवर दुसऱ्या वर्षाला आहेत. मुलीकडच्यांनी शिक्षण विचारलं तर इंजिनिअर, गिटहबनं विचारलं तर शिकतोय.

लॅब मात्र आता बदलल्यात, हे मान्य करतो. बहुतेक ठिकाणी जीसीसी आलंय, मामा रिटायर झाले किंवा व्हीएस कोडची एक्स्टेन्शन्स टाकून द्यायला शिकले. फक्त प्रॅक्टिकलचं जर्नल बदललेलं नाही. ते मागच्या वर्षीच्या पोराच्या जर्नलवरून उतरवतात, त्यानं त्याच्या मागच्या वर्षीच्यावरून उतरवलेलं असतं, आणि असं मागे मागे जात ते फ्लॉपीच्या काळापर्यंत पोचतं. डाव्या पानावर पेन्सिलनं फ्लोचार्ट, उजवीकडे निळ्या शाईनं प्रोग्राम, खाली आउटपुट. तेही हातानंच लिहिलेलं, म्हणून ते कधी चुकत नाही. गेल्या हंगामात साताऱ्याकडच्या एका कॉलेजात तोंडी परीक्षा चालू होती. बाहेरून आलेल्या एक्सटर्नल मॅडमनी जर्नल चाळलं, समोरच्या मशीनवरचं जीसीसी बघितलं, आणि विचारलं, "या कंपायलरमध्ये कोनिओ डॉट एच आहे का?"

"नाही मॅडम."

"मग प्रोग्राममध्ये लिहिलंयस ते कशासाठी?"

"मार्कांसाठी मॅडम."

मॅडमनी एकदा कोपऱ्यातल्या इंटर्नल सरांकडे बघितलं. सर खिडकीतून अजिंक्यतारा न्याहाळत होते. मॅडमनी पंचवीसपैकी बावीस दिले आणि पुढचा रोल नंबर पुकारला.